नागपुरात सराव, गोव्यात शर्यत: मधला फरक कुठे भरून काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, राहायला वर्धमाननगर, आधी हाफ मॅरेथॉन धावलेल्या, यंदा पहिल्यांदाच ट्रायथलॉनचा अख्खा हंगाम केला. आधी एक स्प्रिंट (७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं), मग कोल्हापुरात ऑलिम्पिक अंतर (१.५, ४० आणि १०), आणि शेवटी गोव्यातली आयर्नमॅन ७०.३, म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहून ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. गोव्यात पोहायला ५५ मिनिटं लागली, पूलमध्ये ४२ लागायची. सायकल ३ तास ५ मिनिटं. धावायला २ तास ५० मिनिटं, त्यातलं निम्मं अंतर चालत, पोट फुगलेलं. कपडे-बूट बदलण्याची १६ मिनिटं धरून एकूण ७ तास ६ मिनिटं. नुसती हाफ मॅरेथॉन तुम्ही २ तास २ मिनिटांत धावता. मेहनत कुठे कमी पडली, पुढच्या हंगामात काय वाढवू आणि एरो व्हील (हवा कमी अडवणारी खोल रिमची महागडी चाकं) घेऊ का, असं विचारलंय.

मेहनत कुठेच कमी पडली नाही. पाठवलेल्या तक्त्यात आठवड्याला दहा-अकरा तास दिसतात. दुकान सांभाळून त्याहून जास्त करायच्या भानगडीत पडू नका. अडचण अशी की ते सगळे तास नागपूरच्या पाण्यात, नागपूरच्या हवेत आणि नागपूरच्या ग्रुपमध्ये गेले, आणि शर्यत यातल्या कशातच नव्हती. वाढवायचं काही नाही, आहे तेच थोडं वाकवायचं आहे.

आधी पोहणं. २५ मीटरच्या पूलमध्ये १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या. म्हणजे ७५ वेळा भिंत हाताशी आली, ७५ वेळा पायाने ढकलून तुम्ही पुढे सरकलात. एका ढकलण्यात चार मीटर धरले तरी तीनशे मीटर हात न मारता झाले. शिवाय प्रत्येक भिंतीशी अर्धा श्वास जास्तीचा मिळाला. समुद्रात हे दोन्ही गेलं. त्यातच तुमच्या घड्याळाने २.२ किलोमीटर दाखवलं, म्हणजे तुम्ही वाकडेतिकडे पोहलात. ४२ ची ५५ मिनिटं व्हायला एवढं पुरतं. दमात काही खोट नाही. खारं पाणी उलट तुम्हाला थोडं वरच उचलतं.

उपाय पूलमध्येच होतो. बॅच संपत येते, गर्दी ओसरते, तेव्हा एका लेनमध्ये डोळे मिटून आठ-दहा हात मारा आणि उघडून बघा कुठल्या दोरीकडे सरकलात. प्रत्येकाची एक खोड असते. ती कळली की समुद्रात त्या बाजूचा अंदाज ठेवता येतो. दुसरं म्हणजे भिंतीला हात न लावता दोन मीटर आधीच वळा. सुरुवातीला जीव नकोसा होतो, पण समुद्रात नेमकं तेच लागतं. तिसरं, सहा-आठ हातांमागे एकदा फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरचा बोया (मार्ग दाखवणारा तरंगता मोठा फुगा) शोधायची सवय लावा. डोकं अख्खं वर काढलं की कंबर बुडते आणि पाय ब्रेक लावतात. पूलच्या टोकाला खुर्चीवर एखादी रंगीत पिशवी ठेवून द्या, तीच बघायची. शेवटचं, आठवड्यातून एकदा तिघांनी मिळून एका लेनमध्ये खांद्याला खांदा लावून पोहा. कोणाचा तरी हात तोंडावर बसेल, गॉगल सरकेल. ते इथे झालेलं बरं.

उघड्या पाण्याचा सराव म्हणून अंबाझरी किंवा फुटाळ्यात उतरायचा विचार दर हंगामात कोणी ना कोणी बोलून दाखवतं. उतरू नका. एकात सांडपाणी आणि जलपर्णी, दुसऱ्यात वर्षानुवर्षांच्या विसर्जनाचा गाळ, आणि बचावाला कोणी नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या तलावांवर बुडून मेलेल्यांच्या बातम्या पोहता येणाऱ्यांच्याही असतात. त्यापेक्षा होडी आणि जीवरक्षक असलेल्या एखाद्या आयोजित सराव शिबिरासाठी हंगामात एकदा बाहेरगावी जा, आणि गोव्याला तीन दिवस आधी पोचून त्याच किनाऱ्यावर, शर्यतीच्याच वेळेला, लाइफगार्ड असताना पाण्यात उतरा. कमरेला केशरी तरंगता फुगा बांधून.

पोहण्यातल्या पहिल्या दोनशे मीटरबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण 'छाती आवळल्यासारखी झाली, वाटलं परत फिरावं' हे तुमचं वाक्य मला या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बहुतेकांना हे होतं. बंदुकीचा आवाज, गर्दी, लाट, आणि आपण नेहमीपेक्षा दुप्पट जोरात हात मारतो. श्वास आत कोंडतो, बाहेर सोडायचा राहून जातो. अशा वेळी पाठीवर वळा, वीस-तीस श्वास मोजा, पाण्यात तोंड घालून लांब बुडबुडे सोडत पुन्हा सुरू करा. ब्रेस्टस्ट्रोक मारायला नियमाने बंदी नाही. होडी किंवा कायाक धरून थांबायलाही नाही, तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही एवढंच. पण ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हृदयाचा आजार असल्याचं आधी माहीत नसतं. चाळिशी ओलांडलीय, तेव्हा पुढच्या हंगामाची फी भरण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊन ईसीजी, टुडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) करून घ्या. छाती आवळल्याचं त्यांना याच शब्दांत सांगा, 'थोडी घबराट झाली' असं गुळमुळीत नको. हे झाल्याशिवाय खालचं काहीही सुरू करू नका.

आता सायकल. तुमचा निकाल खरा इथे बिघडला, धावताना तो फक्त दिसला.

२०१७ मध्ये डॉ. अमित समर्थ यांनी रेस अक्रॉस अमेरिका, ही अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत, एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून नागपुरात सायकलचं वेड वाढतच गेलंय, आणि ते चांगलंच आहे. पण त्यामुळे इथला ट्रायथलीट सायकलवर स्वतःला वाघ समजतो. तुम्ही लिहिलंय की रविवारी वर्धा रोडवर ग्रुपसोबत ताशी ३२-३३ चा सरासरी वेग असतो, मग गोव्यात २९ म्हणजे तर मी राखूनच चालवली. नाही. ताशी तीसच्या आसपास सपाट रस्त्यावर तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. ग्रुपमध्ये पुढच्याच्या मागे राहिलं की त्यातला मोठा वाटा वाचतो. ते ३३ तुमचे एकट्याचे कधीच नव्हते. आयर्नमॅनच्या शर्यतीत पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने चालवण्याला, पाच मिनिटांचा दंड आहे. शिवाय गोव्याच्या मार्गावर चढउतार आहेत, आपल्या वर्धा रोडसारखं पाटासारखं सपाट नाही.

आणि वेगाचं गणित सरळ वाढत नाही. हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद जवळजवळ ३३ टक्के जास्त. हेच उलटं करून बघा: तुम्ही ३:०५ ऐवजी ३:१५ घेतली असती, तर हवेविरुद्धची ताकद सुमारे १५ टक्के कमी लागली असती. दहा मिनिटं देऊन केवढी बचत! तुमच्या आलेखात सायकलवर हृदयाचे ठोके सरासरी १५८ आहेत, आणि नुसत्या हाफ मॅरेथॉनला १६२. म्हणजे तीन तास तुम्ही जवळपास हाफ मॅरेथॉनच्या जोरावर सायकल मारली आणि मग खरी हाफ मॅरेथॉन धावायला उतरलात. तुमच्या धावण्यावरून मला २:१५ ते २:२० दिसतात. सायकलवर वाचवलेल्या दहा मिनिटांसाठी तुम्ही तिथे अर्धा तास दिला.

तर सायकलच्या सरावात बदल असा. महिन्यातले दोन रविवार ग्रुपला द्या, मजा हवीच. बाकीचे दोन एकट्याने. पहाटे पाचला निघून अमरावती रोडने कोंढाळीकडे जा, तिकडे रस्ता थोडा तरी वरखाली होतो. काटोल रोडही चालेल. समृद्धी महामार्गाचा विचार मनात आणू नका, तिथे सायकलला परवानगी नाही. आउटर रिंग रोडवर ट्रक तुम्हाला जागा देणार नाहीत. चढासाठी सेमिनरी हिल्स आहेच. चढ छोटा आहे, पण पुन्हा पुन्हा घेतला की पुरतो. त्या चढावर एकच गोष्ट शिकायची: वर जाताना ठोके ठरवलेल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, मग शाळकरी पोरगं हीरो सायकलवरून पुढे गेलं तरी चालेल. शर्यतीत पहिले २० किलोमीटर मुद्दाम हळू वाटायला हवेत. पूर्ण वाक्य बोलता येईल एवढा श्वास राहायला हवा. पॉवर मीटर (पायाची ताकद मोजणारं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर हे वाक्याचं माप खोटं बोलत नाही.

लांब सायकलनंतर लगेच पंधरा-वीस मिनिटं धावायचं, ज्याला ब्रिक म्हणतात, ते तुम्ही करत होता असं दिसतं. चांगलं आहे, तेवढंच ठेवा. दर आठवड्याला दहा किलोमीटरचा ब्रिक करणाऱ्यांचे गुडघे मी पाहिलेत.

आता उन्हाचं बघू. इथे नागपूरकराचा गैरसमज सगळ्यात मोठा असतो. 'आपल्याला पंचेचाळीसची सवय आहे न बाप्पा, गोव्याचे बत्तीस काय करतील?' हे वाक्य तुमच्या ग्रुपमध्येही कोणीतरी म्हटलं असेलच. आपला मे महिन्याचा उन्हाळा कोरडा असतो. घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो, बनियनवर मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. एक लिटर घाम उडून जाताना शरीरातली जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण अट उडून जाण्याची आहे. टपकून पडलेला घाम काहीच थंड करत नाही, फक्त पाणी नि मीठ खर्च होतं. आपला कूलरच बघा. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांतून आलेली हवा गारेगार, आणि जुलैत तोच कूलर, तेच पाणी, पण खोलीत नुसता चिकचिकाट. गोव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हवेत तुमचं शरीर जुलैतला कूलर झालं होतं.

वरून नागपूरचा ऑक्टोबर संपता संपता पहाटे गारवा सुरू होतो. म्हणजे शर्यतीआधीचे शेवटचे महत्त्वाचे आठवडे तुम्ही छान थंड, कोरड्या हवेत धावता, वेग वाढतो, वाटतं तयारी जबरदस्त झाली. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात शरीराने जी सवय कमावली ती तोवर उतरलेली असते. उष्णतेची सवय साधारण दहा ते चौदा दिवसांत लागते, पहिल्या आठवड्यातच रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो. पण सोडली की काही आठवड्यांत जाते.

म्हणून शर्यतीच्या आधीच्या तीन आठवड्यांतले पहिले दोन त्यासाठी ठेवा. होम ट्रेनरवर, म्हणजे घरात जागच्या जागी सायकल मारायच्या स्टँडवर, सायकल लावा, खोलीच्या खिडक्या बंद, पंखा बंद, आणि दोरीवर ओले टॉवेल. कोपऱ्यात कूलर नुसता पाण्यावर, खिडकी न उघडता, सोडलात तर खोली अर्ध्या तासात मडगाव होते. ४५ ते ६० मिनिटं, हलक्या जोरावर, बहुतेक दिवस. घरात दुसरं माणूस जागं असायला हवं. चक्कर, मळमळ, अंगावर काटा, घाम अचानक थांबणं यातलं काहीही झालं की उतरायचं, पंखा लावायचा, डोक्यावर पाणी ओतायचं. आणि याचा अर्थ मेअखेरच्या नवतपात भर दुपारी धावायला जायचं असा घेऊ नका. उष्माघाताने दरवर्षी विदर्भात माणसं जातात.

पोट का फुगलं, याची मला दोन कारणं दिसतात. एक वर आलंच: जोर जास्त, ऊन जास्त, रक्त पायांकडे आणि कातडीकडे, पोटाला उरत नाही. दुसरं तुमच्या बाटलीत आहे. तुम्ही ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ओआरएसचं एक लिटरचं पाकीट टाकलंत आणि वर जेल (पुडीतला घट्ट साखरेचा पाक) खाल्लंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये ७५ मिलिमोल, म्हणजे सुमारे १.७ ग्रॅम सोडियम असतं आणि ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. जुलाब झालेल्या पेशंटसाठी ते बनवलंय. तुम्ही ते आणखी घट्ट केलंत. खाणं म्हणून त्याला काही अर्थ नाही, एका केळ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट कर्बोदकं असतात. म्हणजे सायकलवर तुमच्या बाटलीत मीठ भरपूर, साखर नावाला.

तुमच्या वेगाच्या माणसाला तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं लागतात. फार महाग वस्तू लागत नाहीत. पाऊण लिटर पाण्यात ५० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं असतं, आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी आतड्यातून आत जातात, त्यामुळे नुसत्या ग्लुकोजच्या पुडीपेक्षा हे पोटाला बरं पडतं. सोबत अर्धं केळं किंवा दोन-तीन खजूर. जेल ठेवा, पण ते साध्या पाण्यासोबत, सरबतासोबत नाही. आणि हे सगळं रविवारच्या लांब सायकलवर खाऊन बघा, आधी तासाला ४० ग्रॅम, मग हळूहळू साठ. पोटालाही सराव लागतो.

पाणी किती प्यायचं हे दुसऱ्याला विचारू नका. जुलैत एक तास शर्यतीच्या जोरावर सायकल मारा, आधी आणि नंतर अंग पुसून कपड्यांविना वजन करा. जेवढे किलो कमी झाले, अधिक मधे जेवढं प्यायलात, तेवढे लिटर घाम. त्याच्यापेक्षा जास्त कधीच प्यायचं नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते तहानेपेक्षा धोकादायक आहे. ही चाचणी डिसेंबरात केली तर आकडा फसवेल.

शर्यतीच्या सकाळी तीन तास आधी साधे पोहे. तर्री नाही! आदल्या रात्री सावजीही नाही आणि गोव्यात आलोय म्हणून मासळीची थाळीही नाही. शर्यत संपल्यावर काय हवं ते करा.

१६ मिनिटांच्या बदलांवर फार बोलण्यासारखं नाही, पण आठ मिनिटं तिथे फुकट पडली आहेत. नंबर बेल्टला लावा, सायकलवर पाठीमागे, धावताना पुढे फिरवला की झालं. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा बंद. मोजे घालायचेच असतील तर आत थोडी पावडर टाकून गुंडाळून ठेवा. घरच्या गच्चीवर चार वेळा करून बघा, शेजारी हसतील.

हंगामाची आखणी बदला. यंदा तीन शर्यती आठ आठवड्यांत घेतल्या, प्रत्येकीआधी सराव कमी केला, प्रत्येकीनंतर विश्रांती घेतली, म्हणजे मधे सराव असा उरलाच नाही. पुढच्या वर्षी मोठी शर्यत एकच. कोल्हापूर करायचं तर करा, पण ते गोव्याची रंगीत तालीम म्हणून: तिथे फक्त सायकलवरचे ठोके आणि बाटलीतलं सरबत तपासायचं, वेळ बघायची नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हे नागपूरचे सायकलचे सोन्याचे महिने, आणि लोक नेमके तेव्हाच हंगाम संपला म्हणून झोपतात. लांब सायकल तेव्हा साठवा. एप्रिल-मेमध्ये पोहण्यावर भर द्या, फक्त सुट्ट्यांमुळे पोरांची गर्दी असते म्हणून पहिली पहाटेची बॅच पकडा. पावसाळ्यात खड्ड्यांत हाडं मोडून घेण्यापेक्षा होम ट्रेनर, आणि उकाड्यात धावणं.

सायकल गोव्याला नेताना पेटीत डिरेलरचा हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकतो, तो तुमच्या फ्रेमचाच जास्तीचा एक सोबत ठेवा. इथे मागवायला आठवडा लागतो, शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तिथे मिळणारच नाही.

आणि एरो व्हील. ते खरंच काही मिनिटं वाचवतात, खोटं नाही. पण तुमची अर्धा तास गळती दुसरीकडे आहे. त्याच पैशात होम ट्रेनर, तीन महिन्यांचं पोहण्याचं वैयक्तिक कोचिंग, बाइक फिटिंग (सायकल आपल्या मापाला जुळवून घेणं) आणि हृदयाच्या तपासण्या होतात, वर गोव्यात तीन दिवस जास्त राहण्याचा खर्चही निघतो. पुढच्या वर्षी धावणं २:२० च्या आत आलं तर घ्या. नवे घ्यायची गरज नाही. हंगाम संपला की ग्रुपमध्ये कोणी ना कोणी विकायला काढतंच, बहुधा एकदाच वापरलेले.